पडशी आणि खोगीरभरती

मराठीत ‘खोगीरभरती’ असा एक मोठा मार्मिक शब्द आहे. घोड्याचे खोगीर भरदार व्हावे म्हणून त्यात चिंध्या, काथ्या, जे हाती येईल ते कोंबीत. त्यावरून निरुपयोगी वस्तूंच्या आणि कधी कधी माणसांच्याही गर्दीला हे नाव पडले. घोड्यावरचा प्रवास आपल्या पणजोबांबरोबर संपला, शब्द मात्र मागे राहिला. मोटारसायकलीवरून दूरदूरचे प्रदेश पाहण्याची हौस आता घरोघरच्या तरुणांना, आणि तरुणींनाही, लागली आहे. त्यांची निघण्याची तयारी पाहिली म्हणजे तो जुना शब्द पुन्हा आठवतो. दुसऱ्या कोणाकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. खोगीरभरतीचा अस्सल नमुना मी स्वतःच करून पाहिला आणि त्याचे मोल माझ्या मेव्हण्याला जवळजवळ भरावे लागले. ती हकीकत, आणि तीतून हाती आलेले काही व्यावहारिक धडे आपल्यापुढे ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आम्ही निवडलेला रस्ता मनालीहून लेहला जाणारा. आपल्यापैकी पुष्कळांनी त्याची छायाचित्रे पाहिली असतील. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २,०५० मीटर उंचीवर आहे, लेह सुमारे ३,५०० मीटरवर. पण या दोन गावांमधला रस्ता सरळ चढत जात नाही. तो एका खिंडीवर चढतो, दरीत उतरतो आणि पुन्हा त्याहून उंच खिंडीवर जातो. तिकडच्या बोलीत खिंडीला ‘ला’ म्हणतात. बारालाचा ला सुमारे ४,८९० मीटर उंच आहे. पुढे गाटा येथील एकवीस वळणे चढून गेले की नाकी ला आणि लाचुंग ला लागतात, आणि शेवटी ५,३२८ मीटर उंचीचा तांगलांग ला ओलांडावा लागतो. या शेवटच्या खिंडीत हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने जेमतेम निम्मा असतो. हिमवर्षावामुळे वर्षातील बरेच महिने हा मार्ग बंद असतो. साधारणपणे मे-जूनपासून ऑक्टोबरपर्यंतच त्यावरून जाता येते. १९६० साली स्थापन झालेल्या सीमा सडक संघटनेची माणसे दरवर्षी बर्फ कापून तो मोकळा करतात. पूर्वी मनाली सोडताच रोहतांगची खिंड चढावी लागे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाल्यापासून तो चढ टळला आहे.

आम्ही निघालो तो महिना जुलै, वर्ष २०२२. मी दिल्लीत भाषांतराचे आणि संपादनाचे काम करतो. मेव्हणा माझ्याहून आठ वर्षांनी लहान. शिक्षण संपवून नुकताच नोकरीस लागलेला. मोटारसायकल एकच, साडेतीनशे सीसीची, माझी. मागे तो बसणार. माझी रजा दहा दिवसांची होती. दोन दिवसांत मनाली, पुढे दोन दिवसांत लेह, तिथे दोन दिवस, आणि चार दिवसांत परत, असा हिशेब आम्ही कागदावर मांडला. कागदावर तो अगदी बिनचूक होता.

तयारीला आम्ही महिनाभर आधीपासून लागलो. करोल बागेत मोटारसायकलींच्या सामानाची दुकानेच दुकाने आहेत. दर शनिवारी आम्ही तिकडे जात असू आणि काहीतरी घेऊन येत असू. दोन बाजूंना दोन पिशव्या, मागे एक पेटी, पेटीवर एक गाठोडे, टाकीवर एक थैली. घासलेटचा छोटा स्टोव्ह, दोन पातेली, तंबू, झोपण्याच्या दोन पिशव्या, प्रत्येकी तीन विजारी, चार सदरे, जाकिटे, कॅमेरा आणि त्याची तिवई, माझा संगणक (वाटेत काही मजकूर तपासून होईल, ही आशा), तीन पुस्तके, फराळाचे पाच डबे. निघण्याच्या आदल्या दिवशी सगळे सामान आमच्या गल्लीतील रद्दीवाल्याच्या काट्यावर घातले. अडतीस किलो भरले. रद्दीवाल्याने आमच्याकडे एकवार पाहिले आणि काही न बोलता काटा उचलून ठेवला.

आईने मात्र एक गोष्ट विचारली. “दोन्ही पिशव्या सारख्या वजनाच्या आहेत का रे?” तिचे आजोबा वसुलीच्या कामासाठी तट्टावरून गावोगाव फिरत. तट्टाच्या पाठीवर दोहो बाजूंना लोंबणारी पडशी भरल्यावर ते ती मधोमध एका काठीवर टांगून पाहत. एक बाजू खाली गेली तर तिच्यातले काढून दुसरीत घालीत. तट्टाची पाठ सोलवटू नये म्हणून ही काळजी. आम्ही हसलो. आमच्या तट्टाला पाठ नव्हती, असे आम्हाला वाटले.

तिसऱ्याच दिवशी त्याचा खुलासा झाला. मंडीच्या अलीकडे ताशी साठ किलोमीटरचा वेग आला की मोटारसायकलीचे पुढचे चाक डावी-उजवीकडे डुलू लागे. हँडल घट्ट धरावे तो डुलणे अधिक. आम्ही एका रस्त्याकाठच्या मिस्त्रीकडे थांबलो. त्याने चाक तपासले नाही, बेअरिंग पाहिले नाही. आमच्या मागच्या पेटीवर हात ठेवून ती दाबली आणि म्हणाला की दोष इथे आहे. मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे, उंचावर, आम्ही सर्वांत जड सामान बांधले होते. त्यामुळे पुढचे चाक हलके झाले होते आणि जमीन नीट धरीत नव्हते. त्याने पान्यांची थैली, पेट्रोलचा डबा आणि तेलाची बाटली खाली, पिशव्यांच्या तळाशी, पुढच्या बाजूस सरकविली आणि झोपण्याच्या पिशव्या वर घातल्या. डुलणे निम्म्याने कमी झाले. बाकीचे निम्मे सामान कमी केल्याशिवाय जाणार नाही, हेही त्याने सांगितले. तो सल्ला आम्ही ऐकला नाही.

या खोळंब्यामुळे मनालीस पोहोचायला दोनऐवजी तीन दिवस लागले. वेळापत्रक चुकले होते. म्हणून मनालीत एकच रात्र काढून दुसऱ्या दिवशी आम्ही थेट सर्चू गाठायचे ठरविले. ही चूक त्या वेळी चूक वाटली नाही. दिवस सुंदर होता. बोगद्यातून बाहेर पडताच लाहौलची कोरडी, निळसर खोरी समोर आली. तांडीला चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा संगम आहे. तिथून त्या चंद्रभागा, म्हणजेच चिनाब, होऊन पुढे वाहतात. पंढरपूरच्या चंद्रभागेच्या नावाने वाढलेल्या आम्हा दोघांना तिथे हात जोडल्यावाचून राहवले नाही. तिथल्या पेट्रोलच्या पंपावरील पाटी प्रसिद्ध आहे: पुढचे पेट्रोल ३६५ किलोमीटरवर, अशी सूचना प्रवाशांना ती वर्षानुवर्षे देत आली आहे. टाकी भरली, केलाँग, जिस्पा, दारचा मागे टाकले. दुपारी ओढे फुगले होते. एका ओढ्यात मोटारसायकल सामानासकट आडवी झाली आणि ती उचलताना आम्हा दोघांनाही धाप लागली. संध्याकाळी बारालाचा ला ओलांडून सुमारे ४,२९० मीटर उंचीवरील सर्चूच्या माळावर, एका तंबूत, आम्ही मुक्कामास पोहोचलो. एका दिवसात सव्वादोन हजार मीटर उंची आम्ही वाढविली होती.

मेव्हण्याचे डोके दुपारपासून दुखत होते. रात्री तो जेवला नाही. नंतर त्याला उलट्या होऊ लागल्या. मी टॉर्च लावून पाचही डबे, तिन्ही पिशव्या उपसल्या. वेदनाशामक गोळ्या पेटीच्या तळाशी, पुस्तकांच्या खाली निघाल्या. दिल्लीत घेतलेला प्राणवायूचा लहानसा डबाही होता. त्याने पाच-दहा मिनिटे बरे वाटे आणि मग पुन्हा तेच. पहाटे तो तंबूबाहेर जाण्यासाठी उठला आणि दारूड्यासारखा झोकांड्या खाऊ लागला. बुटाची नाडी हातात धरून तो बसून राहिला. तिचे काय करायचे हे त्याला सुचेना. “भाऊजी, आपण कुठं आहोत?” असे त्याने मला दोनदा विचारले.

तंबू चालविणाऱ्या प्रौढ बाई चहाचे आधण ठेवीत होत्या. त्यांनी त्याच्याकडे एकदाच पाहिले. मी सामान आवरू लागलो होतो. सवयीने हात पट्टे आवळीत होते. त्यांनी माझ्या हातातून पट्टा काढून घेतला आणि म्हणाल्या, “सामान छोडो. इसको नीचे ले जाओ.”

आता सर्चूची खरी अडचण ध्यानात घ्या. ते ठिकाण दोन उंच खिंडींच्या मधल्या खोलगट भागात आहे. लेहकडे जावे तर लाचुंग ला, मनालीकडे परतावे तर बारालाचा ला. खाली उतरण्यासाठी आधी सहाशे मीटर वर चढावे लागते. वाहन हळू चालणारे असेल तर तेवढा वेळ आजाऱ्याच्या जिवाशी गाठ असते. बाईंनी रस्त्यावर उभे राहून केलाँगकडे निघालेली एक टॅक्सी थांबविली. तिच्यात आधीच दोन प्रवासी होते. त्यांनी एक शब्दही न विचारता सरकून जागा केली. मेव्हण्याला त्यांच्यामध्ये बसविले आणि मी मागोमाग निघालो. अडतीस किलो सामान, आदल्या दिवशी जसे होते तसेच, तंबूत पडून राहिले.

सूरजतालचे हिरवेनिळे पाणी डाव्या हाताला मागे जाईपर्यंत मी काही पाहिले नाही. पण एक गोष्ट जाणवल्यावाचून राहिली नाही. आदल्या दिवशी जी मोटारसायकल त्या चढावर पहिल्या गियरमध्ये कुथत होती, ती आता दुसऱ्या गियरमध्ये सहज चढत होती. ओढ्यातून जाताना पाय टेकावा लागला नाही. पहाटेची वेळ असल्याने बर्फ वितळलेले नव्हते आणि पाणीही घोट्याइतकेच होते.

केलाँगच्या सरकारी रुग्णालयात मेव्हण्याला प्राणवायू लावला, औषधे दिली. डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला: कुठल्या रात्री कुठे झोपलात? मी सांगितले. त्यांनी मान हलविली आणि लिहीत राहिले. दुपारपर्यंत तो शुद्धीवर येऊन नीट बोलू लागला. तिसऱ्या दिवशी भात मागितला. लेह त्या वर्षी आम्ही पाहिले नाही.

आमचे सामान चार दिवसांनी एका ट्रकमधून केलाँगला आले. दोरीने नीट बांधलेले, एक वस्तूही कमी नाही. त्या चार दिवसांत त्या अडतीस किलोंपैकी आमचे कशाकशावाचून अडले, याची यादी मी तिथल्या खोलीत बसून केली. दात घासण्याचा ब्रश, एक लोकरी स्वेटर, मोजे, पैसे ठेवलेली थैली, चश्मा आणि आईने दिलेले मेतकूट. सहा जिन्नस. बाकी कशाची आठवणही झाली नाही. घरी आल्यावर पत्नीने सगळे सामान सतरंजीवर मांडून त्याचे तीन ढीग करविले: रोज वापरलेले, वापरले नाही पण गरज पडली असती तर त्यावाचून अडले असते असे, आणि दोन्हीपैकी काहीच नाही असे. तिसरा ढीग सर्वांत मोठा होता. आपणही कोणत्याही प्रवासाहून परतल्यावर हा प्रयोग करून पाहा. पुढच्या वेळी काय न्यायचे हे तो कोणत्याही पुस्तकापेक्षा चांगले सांगतो.

दोन वर्षांनी, २०२४ च्या ऑगस्टअखेरीस, आम्ही पुन्हा निघालो. या वेळी सामान सतरा किलो होते. त्याची मांडणी थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, प्रत्येक मोटारसायकलीबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत ती किती भार पेलू शकते हा आकडा दिलेला असतो. त्यात चालविणारा, मागे बसणारा आणि सामान हे सर्व धरलेले असते. दोघांची वजने त्यातून वजा केली की सामानाला किती उरते ते कळते, आणि ते बहुधा आपल्या कल्पनेहून पुष्कळ कमी असते. जड वस्तू खाली आणि दोन चाकांच्या मध्ये, हलक्या वस्तू वर आणि मागे. दोन्ही पिशव्या भरल्यावर आम्ही त्या घराच्या दारात झाडूच्या दांड्यावर टांगून पाहिल्या. आई समाधानाने हसली. ज्या बाजूला सायलेन्सर असतो त्या बाजूची पिशवी आणि तिचे लोंबते पट्टे त्याला टेकत नाहीत ना, हे पाहावे. नाहीतर कपडे जळाल्याचा वास येईपर्यंत कळत नाही.

दुसरी गोष्ट, हत्यारे. मोटारसायकलीला लागतील तेवढेच पाने, एक पक्कड, पेचकस, जादा स्पार्क प्लग व तो काढण्याचा पाना, फ्यूज, थोडी तार, चिकटपट्टी, तुटलेल्या चेनसाठी जोडकडी, अर्धा लिटर तेल. क्लचची जादा केबल पिशवीत न ठेवता जुन्या केबलच्या बाजूनेच आधीच ओवून बांधून ठेवावी. पहिली तुटली की दोन टोके जोडायची, थंडीत टाकी उतरविण्याचे काम वाचते. चाकात ट्यूब असेल तर जादा ट्यूब, पंक्चर काढण्याचे सामान, टायर काढण्याच्या दोन लोखंडी पट्ट्या आणि पंप. हे सर्व घेऊन जाण्यापूर्वी आपल्या घरच्या अंगणात एकदा चाक काढून, पंक्चर काढून, पुन्हा बसवून पाहावे. आम्ही रविवारची एक सकाळ त्यात घालविली. जे हत्यार वापरता येत नाही तीही खोगीरभरतीच.

तिसरी गोष्ट, इंधन. आमची गाडी दोघांना घेऊन, चढावर, लिटरमागे अठ्ठावीस-तीस किलोमीटर जाते आणि टाकीत तेरा लिटर मावते. लेहच्या अलीकडे कारूला पंप आहे. तरीही दोन पंपांमधील अंतर तीनशे किलोमीटरांहून अधिक भरते. म्हणून पाच लिटरचा एक धातूचा डबा पुरे होतो. तो काठोकाठ भरू नये. उंचीवर हवेचा दाब उतरतो आणि आतली वाफ फुगते. विरळ हवेत जुन्या, कार्ब्युरेटरच्या गाड्यांची ताकद उतरते आणि प्लग काजळतो. एप्रिल २०२० नंतरच्या नियमांप्रमाणे बनलेल्या गाड्यांत इंधनाचे प्रमाण बहुधा आपोआप जुळविले जाते, पण ताकद त्यांचीही कमी होतेच. चढावर गाडी हळू चालली तर घाबरू नये.

चौथी गोष्ट, कपडे. एक जाड कोट नेण्याऐवजी पातळ कपड्यांचे थर न्यावेत: अंगालगत लोकरी बंडी, वर स्वेटर, त्यावर वारा अडविणारे जाकीट आणि सर्वांत वर पावसाचा अंगरखा व विजार. हातमोज्यांचे दोन जोड, कारण पहिला ओढ्यात भिजतोच. माकडटोपी हेल्मेटच्या आत घालता येते. पायमोज्यांवरून प्लॅस्टिकची पिशवी चढवून मग बूट घालावा. शहरात हसू येईल असा हा उपाय गोठवणाऱ्या पाण्यात किती सुखाचा होतो, ते अनुभवानेच कळते. पिशव्या पाणी अडवितात असे त्यांच्यावर लिहिलेले असले तरी आत प्रत्येक वस्तू वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावी. उन्हाचा चश्मा विसरू नये; त्या उंचीवर ऊन डोळ्यांना आणि कातडीला भाजून काढते.

पाचवी गोष्ट, जी मागच्या खेपेस पेटीच्या तळाशी होती, ती या वेळी खिशात होती. औषधे, रक्तगट आणि घरचा दूरध्वनी लिहिलेली चिठ्ठी, गाडीची व चालकाची कागदपत्रे, रोख पैसे, टॉर्च, पाण्याची बाटली. ज्या वस्तूची गरज पडेल ती रात्री, थंडीत, थरथरत्या हाताने पडेल असे धरून तिची जागा ठरवावी. उंचीच्या त्रासावर गोळ्या मिळतात. पण त्या आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. स्टोव्ह आम्ही नेलाच नाही. बंद तंबूत तो पेटविणे जिवावर बेतू शकते, आणि वाटेवरच्या तंबूंत गरम वरणभात मिळतो.

सहावी गोष्ट कोणत्याही पिशवीत मावत नाही, आणि मागच्या खेपेस तीच आम्ही नेली नव्हती. ती म्हणजे दिवस. साधारण तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरांहून अधिक उंच नसावी, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असे वैद्यकशास्त्र सांगते. दिवसा खिंडी कितीही उंच ओलांडा. महत्त्व आहे ते रात्री कुठे झोपता याला. डोकेदुखी, मळमळ, झोप न येणे ही पहिली सूचना. ती मिळाली की वर जाऊ नये. झोकांड्या जाणे, गोंधळणे, बसल्या जागी धाप लागणे ही शेवटची. मग क्षणभरही न थांबता खाली उतरावे. प्राणवायूचा डबा उतरण्याला पर्याय नाही.

म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही मनालीचा रस्ता जाताना घेतलाच नाही. श्रीनगरहून लेहला जाणारा सुमारे ४२० किलोमीटरचा रस्ता उंचीच्या दृष्टीने दयाळू आहे. श्रीनगर सुमारे १,५८५ मीटर. पुढे जोजी ला ओलांडला तरी कारगिलचा मुक्काम सुमारे २,६८० मीटरवर. आणि या मार्गावरचा सर्वांत उंच फोतू ला ४,१०८ मीटर. श्रीनगर, सोनमर्ग, कारगिल असे एकेक मुक्काम करीत, मग आम्ही लेहला उतरलो. तिथे पहिले दोन दिवस काही केले नाही. गल्ल्यांतून सावकाश हिंडलो, जर्दाळू खाल्ले, दुपारी झोपलो. शरीराला त्या हवेची सवय झाल्यावरच मनालीच्या रस्त्याने परतीला निघालो. या सगळ्याला सोळा दिवस लागले. एवढी रजा एका वेळी मिळावी म्हणून मी वर्षभर दिवाळीखेरीज सुटी घेतली नव्हती. करोल बागेत एकही शनिवार घालविला नाही. खर्चही कमीच झाला.

तांगलांग ला ओलांडून मोरेच्या विस्तीर्ण पठारावर आलो तेव्हा दूरवर रानगाढवांचा एक कळप उभा होता. मेव्हण्याने मला थांबायला सांगितले. आम्ही इंजिन बंद केले आणि पंधरा-वीस मिनिटे नुसते बसून राहिलो. मागच्या खेपेस एवढा वेळ आम्ही कुठेच थांबलो नव्हतो.

सर्चूचा तंबू त्याच जागी होता. बाईंनी मला ओळखले नाही. अशी किती माणसे त्यांनी खाली पाठविली असतील. मेव्हण्याने हेल्मेट काढल्यावर मात्र त्या त्याच्याकडे जरा वेळ पाहत राहिल्या आणि मग त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरविला.

आमच्या सतरा किलोंत एक वस्तू अशी होती की तिचा प्रवासात काही उपयोग नव्हता, आणि ती फुटू नये म्हणून स्वेटरात गुंडाळून, उजव्या पिशवीच्या तळाशी, सर्वांत सुरक्षित जागी ठेवली होती. आईने घातलेल्या लिंबाच्या लोणच्याची ती बरणी होती. बाईंनी झाकण उघडून वास घेतला, बोटाने चाखले आणि दोन ताटे वाढायला घेतली. उजवी पिशवी त्यानंतर किलोभर हलकी झाली. तेव्हा निघण्यापूर्वी दोन्ही पिशव्या पुन्हा तोलून सारख्या केल्या आणि आम्ही बारालाचा चढू लागलो.